तीन गुरुवारांचा नियम

१. पिशवी

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता डोंबिवलीत मानपाडा रोडवरच्या गोधडी मंडळात खिळ्याला टांगलेली खणाची पिशवी रिकामी निघाली.

पिशवीत मंडळाची नियमावली असायची. अठ्ठेचाळीस नियम, वीस पानं, प्रत एकच. दुसरी प्रत काढायची तर नियमावली झेरॉक्सच्या दुकानात न्यावी लागली असती, आणि नियम चारनुसार ती हॉलबाहेर नेता येत नव्हती. फोटो काढावा म्हटलं तर नियम एकेचाळीसनुसार सगळे मोबाइल दाराबाहेरच्या टोपलीत. त्यामुळे दहा वर्षांत ती वाचण्याच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. कुठे अडलं की अध्यक्ष उत्तराताई सबनीसांना विचारायचं. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. क्रमांकासकट नियम म्हणून दाखवत, आणि म्हणता म्हणता समोरच्याची नखं कापलेली आहेत का तेही बघून घेत.

मंडळात एकूण चौदा सभासद, पण त्या दिवशी हजर पाचच. उरलेल्या नऊ जणी बदलापूरला एकाच लग्नाला गेल्या होत्या, तेही रीतसर अर्ज देऊन.

पिशवीवरून दुपारी तीनलाच वाजलं होतं. हॉलभर मोठी गोधडी पसरलेली होती. यंदा नवरात्रात ती ठाण्याच्या टेंभी नाक्याला प्रदर्शनात लागायची होती. प्रत्येक सभासदाचं एक ठिगळ तिच्यात होतं. थर लावून झाले होते, चार जण चार बाजूंना बसून कडेला कच्चे टाके घालत होते, म्हणजे पक्की शिवण येईपर्यंत थर सरकू नयेत म्हणून घालतात ते. तेवढ्यात उत्तराताईंनी सुई कापडात खोचली आणि चष्मा काढला.

"शकू, तू लागोपाठ तीन गुरुवार आली नाहीस. नियम नऊ. रविवारी खास सभा. नाव कमी होईल."

मध्ये वीतभर जागा थर सारखे करायला मोकळी सोडून शकूबाई केणे आपल्या बाजूचा शेवटचा टाका घालत होत्या. त्यांनी तो घातला आणि हात मांडीवर ठेवले.

"अन् माजा तुकरा?"

"नाव कमी झालं की ठिगळही कमी. नियम दहा."

शकूबाईंचं ठिगळ गोधडीच्या मधोमध होतं. त्यांच्या आईच्या लुगड्याचं. आईने सगळा जन्म मिठागरात काढला, आणि मिठाने त्या कापडाचा रंग असा खाल्ला होता की तो हिरवा होता की निळा यावर मंडळात दोन तट होते. लुगडं इतकं विरलं होतं की एकदा उसवलं तर हातात फक्त दोरे राहिले असते. हॉल शकूबाईंच्या घरचा होता, घराच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या सातमजली इमारतीतला. पण हॉलच्या मालकिणीला नियमांत सूट नव्हती.

"एक मिनिट," उपाध्यक्ष मैथिली गद्रे म्हणाली. ती ठाण्याहून यायची, बँकेत मॅनेजर होती आणि पुढच्या वर्षी अध्यक्ष होणार असल्याचं फक्त उत्तराताईंनाच सांगायचं राहिलं होतं. "नियम नऊ मूळ पुस्तकातून वाचून दाखवा. रविवारी, सगळ्यांसमोर." तिने उठून पिशवीत हात घातला, नियमावली अर्धी वर काढून सगळ्यांना दाखवली आणि परत ठेवली.

हे तीन वाजता. सहा वाजता पिशवी रिकामी.

"नियम एकतीस," उत्तराताई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा किंचित वरच्या पट्टीत होता. "तक्रारीचा तपास सर्वांत नव्या सभासदाने करायचा. तिला शत्रू करायला अजून वेळ मिळालेला नसतो."

चारही माना वल्लरी खरेकडे वळल्या. वल्लरी सव्वीस वर्षांची, मंडळात येऊन पाच आठवडे झालेले. वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात ती सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची. गुरुवारी तिचं घरून काम असे, म्हणजे लॅपटॉप घरून काम करत असे आणि वल्लरी इथे.

"आणि मला नाही सापडलं तर?"

"नियम बत्तीस. ज्याला त्या चोरीचा फायदा, तो दोषी."

या वेळी माना शकूबाईंकडे वळल्या.

२. चहाची वीस मिनिटं

दाराशी निशा बसलेली असायची. शकूबाईंची सून. चार वर्षांपूर्वी मंडळाची मोठी कात्री हरवली, तेव्हापासून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची पिशवी ती उघडून बघे. नियम बावीस.

"आज कुणाची सोडलीस का चुकून?" वल्लरीने विचारलं.

"नाय ग. सासूबाईंची पण उघडली. दोनदा."

"दोनदा का?"

"तिसऱ्यांदा उघडायला लागले तर त्या बोलल्या, घरी येशील ना परत."

म्हणजे नियमावली बाहेर गेली नव्हती. तिन्ही खिडक्यांना कबुतरांची जाळी. हॉलमध्ये एक कपाट, एक सतरंजी, एक गोधडी आणि एक घड्याळ. वल्लरीने कपाट रिकामं केलं, सतरंजी उलटी केली, घड्याळाच्या मागे हात घातला. ती शोधत असताना बाकीचे चौघे गोधडीवर बसून सूचना करत होते.

साडेचारला चहा झाला होता. कापडाजवळ चहा चालत नाही, म्हणून चहा गॅलरीत. त्या वीस मिनिटांत कोण आत गेलं होतं?

"मी," श्रीपाद करंदीकर म्हणाले. मंडळातले एकमेव पुरुष. जन्मभर नकाशे काढण्यात गेला, त्यामुळे त्यांचा धावदोरा पट्टीने आखल्यासारखा. "चष्मा विसरलेलो."

"आत कोण होतं, काका?"

"चष्मा नव्हता ना. कसं सांगू?"

मैथिलीही गेली होती, सुई घ्यायला. शकूबाई गेल्या होत्या, पंखा बंद करायला. उत्तराताई गेल्या होत्या, शकूबाईंनी पंखा खरंच बंद केला का ते बघायला. चौघेही एकेकटे. वल्लरीने वहीत चार नावं लिहिली, चौघांपुढे प्रश्नचिन्ह काढलं, आणि लक्षात आलं की पाचवी तीही होती, कारण साखर आणायला तीही आत गेली होती.

मैथिलीने तिला जिन्यात गाठलं.

"हे बघ, मी कुणावर आरोप करत नाहीये. पण पुस्तक नसेल तर नियम वाचता येणार नाही, नियम वाचला नाही तर नाव कमी नाही. कुणाचं भलं झालं सांग."

"पण वाचायची मागणी तुमचीच होती ना, ताई?"

"हो. म्हणून तर मी नाही."

"किंवा म्हणूनच तुम्ही."

मैथिलीने तिच्याकडे असं बघितलं जसं बँकेत ती अपूर्ण फॉर्मकडे बघत असावी. "हुशार आहेस. एक हिरवं रीळ मिळेल का कपाटातून? माझं पिवळं संपत आलंय."

"उसनवार वहीत लिहायला लागेल ना? नियम तेरा?"

"कोण लिहितं गं त्यात. दहा वर्षांत मी एक अक्षर लिहिलेलं नाही."

श्रीपादकाकांनीही हेच सांगितलं. आपल्याकडचे निम्मे दोरे दुसऱ्यांचे आहेत आणि वही आपण फक्त माशी मारायला वापरली आहे, असं त्यांनी कबूल केलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "शकूबद्दल वाईट वाटतं. पण ते तीन गुरुवार ती होती कुठे, हे तिने का सांगू नये? कुणालाच सांगत नाही."

वल्लरीने वही मिटली. कारण तीनपैकी एका गुरुवारी शकूबाई कुठे होत्या, हे तिला माहीत होतं. तिने डोळ्यांनी बघितलं होतं.

३. वागळे इस्टेट

त्या गुरुवारी वल्लरीला झक मारत ऑफिसला जावं लागलं होतं. जेवणाच्या सुट्टीत ती खाली उतरली, तर समोरच्या गल्लीतल्या शिवणकामाच्या कारखान्याच्या मागच्या दाराने शकूबाई बाहेर पडत होत्या. डोक्यावर मोठं बोचकं. इकडे तिकडे बघून त्या रिक्षात चढल्या. त्या वेळी वल्लरीला काही वाटलं नव्हतं. आता वाटायला लागलं.

शुक्रवारी तिने त्या दारावर टकटक केलं. दार उघडणारा पोपट नावाचा कटिंग मास्तर होता. गळ्यात टेप, कानामागे खडू.

"शकूबाई केणे इथे येतात?"

"तुम्ही कोण? लेबर ऑफिसच्या?"

"गोधडी मंडळाच्या."

पोपटने दार अर्धं लावून घेतलं. "बाईंनी कालच फोन करून सांगून ठेवलंय, कुणाला बोलायचं नाही."

"का?"

"ते पण सांगायचं नाही म्हणून सांगितलंय."

वल्लरी संध्याकाळी सरळ केण्यांच्या घरी गेली. शकूबाई ओट्यापाशी सुकट निवडत होत्या. डाव्या हाताने. त्यांची सगळी कामं डाव्या हाताने. गोधडीचा दोराही त्या डावीकडून उजवीकडे चालवत, त्यामुळे त्यांच्या शेजारी बसणाऱ्याच्या बरगडीत कोपर ठरलेलं.

"मावशी, पोपट मास्तर काही सांगत नाही."

"चांगला मानूस हाय."

"मावशी, मी तपास करतेय. परवा सभा आहे. तुम्ही बोचकं घेऊन निघालात, मी बघितलं. काय होतं त्यात?"

शकूबाईंनी सुकटीतला एक बारीक खेकडा उचलून बाजूला ठेवला. "कातरण."

"कसली?"

"कपऱ्याची. कारखान्यात उरते ती. गुरवारीच देतात, बाकी दिशी भंगारवाला नेतो. मोठ्या गोधरीला आतले थर कनाचे घातलं तुमी? कपाटात आपोआप आलं काय?"

वल्लरीला कपाटातले कापडाचे गठ्ठे आठवले. गेला महिनाभर सगळे त्यातून कापड घेत होते. गठ्ठे आले कुठून, असा प्रश्न एकालाही पडला नव्हता. तिलाही नाही.

"म्हणजे तुम्ही मंडळाच्याच कामाला गेला होतात. मग सांगितलं का नाही?"

"कुनी इचारलं?" शकूबाई म्हणाल्या. "तीन गुरवार गेले, एक बाय बोलली नाय, शकू कुटं व्हतीस. थेट नियमच सांगितला. मंग मी पन नाय सांगत. आईचा तुकरा उसवतील तर उसवू दे, पन मी हात जोरायची नाय."

"पण नियमावली?"

"मी कनाला घेऊ? मला तर वाचायचा होता त्यो नियम. दहा वरसं माज्या घरात टांगलेला हाय."

वल्लरी जिना उतरून खाली आली आणि शेवटच्या पायरीवर थांबली. नियमावली हॉलबाहेर गेलेली नाही. हॉलमध्ये शोधायला काही उरलेलं नाही. फक्त एका गोष्टीत तिने शोधलं नव्हतं, कारण शोधताना त्या गोष्टीवर चार माणसं बसली होती.

४. कच्चे टाके

रविवारी सभा अकराला होती. वल्लरी नऊलाच आली. निशाने कुलूप उघडलं.

मोठी गोधडी गुरुवारसारखीच पसरलेली होती. नियम बारानुसार कच्चे टाके त्या त्या बाजूला ठरलेल्या रंगाच्या दोऱ्याने घालायचे, म्हणजे कुणाची बाजू वाकडी गेली ते ओरडायला सोपं. उत्तराताईंची बाजू लाल, श्रीपादकाकांची निळी, मैथिलीची पिवळी, शकूबाईंची हिरवी.

वल्लरी गुडघ्यावर बसली आणि तळव्याने कडेकडेने दाबत निघाली. लाल बाजू मऊ. निळी मऊ. पिवळी मऊ. हिरव्या बाजूच्या मध्यावर गोधडी कुरकुरली.

तिने परत दाबलं. परत कुरकुर. कापड कधी कुरकुरत नाही. वीस पानं कुरकुरतात.

"सापडलं?" निशाने दारातून विचारलं.

वल्लरीने तळवा तिथेच ठेवला. हिरवी बाजू, हिरवा दोरा. कुणीही बघितलं असतं तर एकच नाव घेतलं असतं. ती पालथी पडून टाके बघायला लागली. हिरवी ओळ डावीकडच्या कोपऱ्यात गाठीने सुरू होत होती, कारण शकूबाई डावीकडून निघतात. पण मध्ये त्यांनी मोकळ्या सोडलेल्या वीतभर जागेत टाके नव्याने घातलेले होते. त्या तुकड्याची गाठ उजव्या टोकाला होती. तिथून दोरा डावीकडे गेला होता. उजव्या हाताने शिवणारा माणूस जसा जातो तसा.

म्हणजे कुणीतरी त्या जागेतून नियमावली आत सरकवली आणि शकूबाईंच्याच रंगाने जागा बंद केली. वीस मिनिटं त्याला भरपूर झाली. गुरुवारी हजर असलेल्यांत उजव्या हाताने शिवणारे तिघे उरले. काका, मैथिलीताई, उत्तराताई. आणि ती स्वतः, पण तिचे टाके इतके मोठे होते की त्यातून नियमावली परत बाहेर पडली असती.

तिघांतला कोण?

वल्लरीने वहीतलं पान उलटलं. एक गोष्ट तिला दोन दिवस खटकत होती. चोराला नियमावली नकोच होती तर फाडून संडासात टाकणं सोपं होतं. पण नियमावली फाडायची नाही, नियम तीन. हॉलबाहेर न्यायची नाही, नियम चार. कुलपात ठेवायची नाही, नियम पाच. या चोराने ती फाडली नव्हती, बाहेर नेली नव्हती, कुलपात ठेवली नव्हती. चोरी करताना त्याने एकही नियम मोडला नव्हता.

मग त्याने हिरवा दोरा घेतानाही मोडला नसणार.

वल्लरी उठली आणि कपाटाशेजारी टांगलेली उसनवार वही काढली. दहा वर्षांत तिच्यात एकाच अक्षरात लिहिलेलं होतं, वळणदार, शाळेच्या फळ्यावरचं. शेवटची नोंद गुरुवारची:

हिरवा दोरा, शकूच्या रिळातून, एक हात. घेणार: उ. सबनीस. कारण: दुरुस्ती.

त्याखाली मेलेली माशी होती.

५. नियम सात

अकराला चौदाच्या चौदा हजर होते. बदलापूरचं लग्न आटोपलं होतं. तिघींच्या हातावर मेंदी होती. शकूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि मधल्या ठिगळाकडे बघत होत्या. उत्तराताईंच्या शेजारी एक छोटी कात्री ठेवली होती. ठराव झाला की लगेच कामाला.

"तपास अधिकारी," उत्तराताई म्हणाल्या.

वल्लरी उभी राहिली. वही आत्ता उघडावी का, असा तिने एकदा विचार केला. सगळ्यांसमोर एका मुख्याध्यापिकेचं अक्षर वाचून दाखवायचं. तिने वही पाठीमागे धरली.

"नियमावली सापडली आहे. ती या गोधडीच्या पोटात आहे. हिरव्या बाजूला."

हॉलमध्ये बांगड्यांचा आवाज झाला. मैथिली म्हणाली, "शकूताई, अहो," आणि पुढे काय म्हणावं ते न सुचून थांबली.

"माजी बाजू हाय," शकूबाई म्हणाल्या, "पन काम माजं नाय." त्या पुढे सरकल्या, टाक्यांवरून बोट फिरवलं. "ही गाठ उजवीकरं हाय. मी अशी शिवली तर माजा हातच मोडंल."

"मग उघडू या की," श्रीपादकाका म्हणाले. "वाद कशाला."

"उघडता येणार नाही," वल्लरी म्हणाली. "नियम सात. ज्याने टाका घातला त्यानेच तो उसवायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही."

"नियम सात खरंच असा आहे का?" मैथिलीने विचारलं.

"ते नियमावलीत बघावं लागेल."

"ती तर आत आहे."

"हो."

निशा दारातून म्हणाली, "मग आता?"

शेवटी मैथिलीने कात्री उचलली. "वीतभर तर आहे. मी कापते, जे होईल ते माझ्या नावावर." तिने हिरव्या दोऱ्याखाली कात्रीचं टोक घातलं.

"मैथिली, थांब."

उत्तराताई उठल्या होत्या. पाय घट्ट रोवून, एखाद्या पोराला कॉपी करताना पकडल्यासारख्या. फक्त पोर कुणीच नव्हतं.

"नियम सात," त्या म्हणाल्या. "तुझे टाके नाहीत ते."

"मग कुणाचे?"

उत्तराताईंनी कात्री मागितली. गुडघे दुमडायला त्यांना वेळ लागला, श्रीपादकाकांनी हात दिला तो घेतला नाही. खाली बसून त्यांनी उजव्या टोकाची गाठ कापली आणि एकेक टाका उसवत डावीकडे गेल्या. दोरा वाया जाऊ नये म्हणून बोटाला गुंडाळून ठेवला. मग कोपरापर्यंत हात आत घातला.

वल्लरीने पाठीमागची वही हळूच खिळ्याला अडकवून टाकली.

६. टँकर

"तक्रार तर तुम्हीच केली होतीत," श्रीपादकाका म्हणाले. ते खरोखर गोंधळले होते.

"नियम तीस. वस्तू हरवल्यास अध्यक्षांनी त्याच दिवशी तक्रार नोंदवावी."

"पण वस्तू तुम्हीच..."

"त्याला अपवाद नाही."

नियमावली मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या. कुणीही वाचा म्हटलं नाही, तरी त्यांनी ती श्रीपादकाकांपुढे धरली. "वाचा. मला माझा चष्मा आज नको आहे."

काकांनी चष्मा लावला. पहिले आठ नियम सगळ्यांच्या ओळखीचे होते. फाडू नये, बाहेर नेऊ नये, ज्याचा टाका त्याने उसवावा. मग काकांनी दहावा वाचला आणि त्यांची भुवई वर गेली.

"नियम दहा. गोधडीच्या जिन्यात कुत्रा बांधू नये."

"काय?" मैथिली म्हणाली.

"नियम बारा. गोधडीत भाडेकरू ठेवायचा झाल्यास पोलीस ठाण्यात नोंद करावी. नियम एकवीस. गोधडीला बाहेरून रंग द्यायचा झाल्यास शेजारच्या गोधडीची परवानगी घ्यावी. नियम बत्तीस." ते थांबले. "लिफ्टबद्दल आहे."

"आमच्या सोसायटीची नियमावली," उत्तराताई म्हणाल्या. "दहा वर्षांपूर्वी तुम्हा सगळ्यांना दोन दिवसांत नियम हवे होते. मी ती समोर ठेवून एकेक नियम बदलत होते. नवव्याच्या मध्यावर टायपिंगवाल्याचा माणूस आला आणि होते तेवढे कागद घेऊन गेला. त्याने पुढे सगळीकडे सदनिकेची गोधडी केली. मी दुरुस्त करणारच होते. पण तुम्ही पुस्तकाला हळदकुंकू वाहिलंत, पिशवी शिवलीत, टाळ्या वाजवल्यात. मग बाकीचे नियम मी तोंडीच केले. वाईट केले का?"

कुणी वाईट म्हणालं नाही. ते खरंच बरे होते.

"मग शकूताईंचं प्रकरण सोडून द्यायचं," मैथिली म्हणाली. "पुस्तक उघडायची वेळच आली नसती. हट्ट का धरलात?"

उत्तराताई बोटाला गुंडाळलेला हिरवा दोरा सोडवायला लागल्या. "पहिल्या वर्षी शुभदा होती. माझी मैत्रीण, अकरावीपासूनची. ती तीन गुरुवार आली नाही. मी नाव कमी केलं, ठिगळ काढून पोस्टाने पाठवलं. नंतर कळलं की तिला विषमज्वर झाला होता. मी विचारलं नव्हतं. आता शकूला सोडलं असतं तर शुभदाला मी कशासाठी काढलं?"

शकूबाईंनी नियमावलीकडे बोट केलं. त्या म्हणाल्या, "ताई, नववा वाचायचा ऱ्हायला."

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काकांनी पान मागे उलटलं, एकदा मनात वाचलं, मग मोठ्याने.

"नियम नऊ. सभासद लागोपाठ तीन गुरुवार न आल्यास," आणि इथे अक्षराचं वळण बदललं असावं असा त्यांचा आवाज बदलला, "सचिवांनी तात्काळ टँकर मागवावा."

कुणी हसलं नाही. हसायचं की नाही याचा नियम माहीत नव्हता.

"मूळ नियम पाण्याचा होता," उत्तराताई म्हणाल्या. "पुढचा भाग बदलायचा राहिला."

"म्हणजे नाव कमी करायचं कुठेच लिहिलेलं नाही," वल्लरी म्हणाली. "ठिगळ काढायचंही नाही. लिहिलंय ते एवढंच." ती उत्तराताईंकडे बघत होती. "आणि ताई, पुस्तकातला नियम आहे. छापील."

उत्तराताईंनी मान वर केली. जन्मात त्यांनी नियम मोडला नव्हता. आता मोडला असता तर तिथे असलेल्या एकानेही तोंडातून शब्द काढला नसता, आणि हे त्यांना दिसत होतं. त्या उठल्या, दाराबाहेरच्या टोपलीतून आपला मोबाइल घेतला.

"शकू, तुझा तो पुतण्या टँकर चालवतो ना?"

"काळुराम. बोलवू?"

"बोलव. तुझा एक टँकर निघतो."

"मला नको. आमची बोअरवेल हाय."

"तुला नको असेल. नियमाला हवा आहे."

काळुराम पाऊण तासात आला. दहा हजार लिटरचा टँकर मंडळाच्या खाली उभा राहिला, रस्ता अडला, मागे रिक्षावाले बोंबलायला लागले. चौदाही जण गॅलरीत आले. हॉलमध्ये मोठी गोधडी तशीच पडली होती, मधलं ठिगळ जागच्या जागी.

"काकी, खाली कुठं करू?" काळुरामने वरती बघून विचारलं.

शकूबाईंनी उत्तराताईंकडे बघितलं. उत्तराताई श्रीपादकाकांना काहीतरी विचारत होत्या.

"नऊ वर्षांचे गुरुवार किती होतात?"

"चारशे अडुसष्ट," काका म्हणाले. "टाळेबंदीतले धरायचे का?"

"धरायचे. शुभदा आली नव्हतीच. भागिले तीन?"

"एकशे छप्पन्न."

उत्तराताईंनी नियमावली खणाच्या पिशवीत घातली, पिशवी काखेला मारली आणि जिना उतरायला लागल्या. निशाने सवयीने हात पुढे केला.

"ताई, पिशवी उघडा. आणि हे बाहेर न्यायचं नाय ना? नियम चार."

उत्तराताई पायरीवर थांबल्या. इथे मात्र नियम खरा होता, पुस्तकातला, त्यांनी स्वतः लिहिलेला. त्यांनी पिशवी उघडून निशापुढे धरली. रस्त्यावर हॉर्न वाढले होते.

"माझ्या नावावर लिहून ठेव," त्या म्हणाल्या. "नियम चार मोडला. सबनीस. कारण लिहू नकोस."

रस्त्यावर येऊन त्यांनी काळुरामच्या शेजारचं दार उघडलं. पाय उंच टाकावा लागला, या वेळी काळुरामने दिलेला हात त्यांनी घेतला.

"डोंबिवली पश्चिम, मैत्रिणीकडे," त्या म्हणाल्या. "पत्ता तिथे गेल्यावर कुणाला तरी विचारावा लागेल. मी गेलेले नाही बरीच वर्षं."

"त्यांना सांगितलंय का, पाणी येतंय म्हणून?"

"नाही."

"मग त्या घेतील काय?"

"माहीत नाही," उत्तराताई म्हणाल्या. "नाही घेतला तर पुढच्या गुरुवारी दुसरा."

काळुरामने गिअर टाकला.